पहिली गोळी सिस्टरांची

जंताच्या गोळीची चव कशी असते, हे आयुष्यभर औषधं वाटूनही मला ठाऊक नाही. वराडे सिस्टरांना होतं. "खडूत साखर कालवायची आणि वर साबणाचा वास द्यायचा, झाली गोळी," असं त्या सांगायच्या, आणि सांगताना त्यांचा चेहरा असा काही व्हायचा की त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरावासा वाटे.

शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं आरोग्य केंद्र होतं. मी तिथे औषध निर्माता होतो. सरकारी कागदावर हाच हुद्दा असतो. प्रत्यक्षात मी जन्मात एकही औषध निर्माण केलेलं नाही. डब्यातून काढून पुडीत बांधायचं आणि खिडकीतून द्यायचं, एवढंच काम. मी जळगावचा, एकटा राहणारा, आणि बदलीचा अर्ज करून वाट बघत बसलेला. त्यामुळे तिथल्या माणसांत मी फार जीव गुंतवला नाही. सिस्टरांतही गुंतवला होता असं म्हणणार नाही. पण तिथली बाकीची माणसं आता आठवायला बसावं लागतं. त्या आपोआप आठवतात.

कुसुम वराडे मुक्ताईनगरकडच्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या आणि चालायला भलत्याच वेगवान. नवरा शिरपूरला शाळेत मास्तर, घरात सासू. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्यावर त्या कधी बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू. बाकी जगातल्या कुठल्याही विषयावर त्या बोलत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि त्यातच अडकवलेलं नेलकटर. पोर दिसलं की आधी त्याचा हात पकडायचा आणि नखं कापायला घ्यायची, मग नाव विचारायचं. शिरपूरच्या बस स्टँडवर एकदा त्यांनी कुणा अनोळखी बाईच्या कडेवरच्या पोराची नखं कापली. त्या बाईला वाटलं, ही काही नवस फेडते आहे. तिने नमस्कार केला आणि सिस्टरांनी तो घेतलाही.

त्यांची सुरुवात बाटलीच्या जमान्यातली. तेव्हा जंतावर पायपेराझिनचं गोड औषध यायचं. पोरं ते आवडीने प्यायची आणि दुसऱ्या दिवशी जंत पडायचे, डोळ्यांना दिसतील असे. आया ते पळसाच्या पानावर घेऊन थेट केंद्रावर हजर व्हायच्या. मी खिडकी लावून घ्यायचो. सिस्टर मात्र प्रत्येक पान हातात घ्यायच्या, नीट बघायच्या, "अव माय, केवढा लांब! बरं झालं आणलं ते," असं म्हणून त्या आईचं समाधान करायच्या आणि मग हात धुवायला जायच्या. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, हे प्रदर्शन बंद करा ना." त्या म्हणाल्या, "भाऊ, ती बाई चार कोस चालत आली. तिला दुसरं काय दाखवायला आहे?"

मग गोळ्या आल्या. आधी आली ती दिवसातून दोनदा, तीन दिवस घ्यायची. पाड्यावर पहिल्या दिवसाची गोळी पोटात जाई, दुसऱ्या दिवशीची छपराच्या काडांत खोचलेली सापडे. पुढे अल्बेंडाझोल आली, एकच गोळी, एकाच वेळी चावून खायची. आम्हाला वाटलं, आता सुटलो. पण ह्या गोळीची एक पंचाईत होती. तिने जंत आतल्या आत मरत, बाहेर पडताना बहुधा दिसतच नसत. आणि आमच्या भागात खरा छळ होता आकड्याच्या जंताचा. तो आतड्याला चिकटून रक्त पितो, असतो दोऱ्याएवढा, दिसायचा प्रश्नच नाही. बाटलीने पानभर जंत पडलेले ज्यांनी पाहिले होते, त्यांनी गोळी खोटी ठरवली. काही पडलंच नाही, तर औषध कसलं?

त्यावर सिस्टरांनी जो उपाय काढला तो कुठल्याही परिपत्रकात नव्हता. पाड्यावर सगळे जमले की त्या मधे उभ्या राहायच्या, डब्यातून एक गोळी घ्यायच्या, सगळ्यांना दिसेल अशी धरायच्या आणि स्वतः चावून खायच्या. मग पोर जसं दाखवतं तशी पूर्ण जीभ बाहेर काढून दाखवायच्या. काही उरलं नाही, बघा. "पह्यले मी, मंग तुम्ही." त्यांच्या बोलीत अहिराणी अशीच कडेकडेने शिरली होती. त्यानंतर रांग लागे. प्रत्येकाने त्यांच्या समोर चावायचं आणि जीभ दाखवायची. साठीचे बाप्येसुद्धा मुंडासं सावरत जीभ बाहेर काढत. ते दृश्य बघून मला हसू आवरत नसे, म्हणून मी डब्याच्या झाकणाशी खेळत बसायचो.

आमच्याकडे अकरा पाडे होते. आठवड्याला एक, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे एका फेरीत सिस्टरांच्या पोटात अकरा गोळ्या. आमचे डॉक्टर वैतागले. "बाई, तुमच्या पोटात आता मुंगीसुद्धा जगायची नाही. खायचीच असेल तर अर्धी खा."

"अर्धी खाल्ली तर तेही अर्धीच खातील, साहेब."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे पाहिलं. विषय तिथेच संपला.

एक गोष्ट मात्र त्या फार जपून करत. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी द्यायची नसते. म्हणून लग्न झालेली बाई रांगेत पुढे आली की सिस्टर तिच्या कानाशी लागायच्या. ती "हो" म्हणाली, किंवा नुसती खाली बघायला लागली, की मोठ्याने जाहीर करायच्या, "हिला ताप आहे. हिची गोळी पुढच्या खेपेला." कारण तिकडे पहिले तीन महिने कोणी बातमी फोडत नाही. दृष्ट लागते म्हणतात. चार पोरांनंतरची खेप असली तरी ती आधी सासूला कळणार, मग यथावकाश पाड्याला. ते गुपित सिस्टर असं तापाखाली झाकून ठेवत. ही गोळी आल्यापासूनच्या तीन वर्षांत आमच्या भागात किती बायकांना ताप आला, ते त्यांनाच माहीत. मी एकदा म्हटलं, "तुम्ही सर्रास खोटं बोलता." त्या म्हणाल्या, "मग काय, माईक लावून खरं सांगू?"

सगळ्यात अवघड पाडा म्हणजे टेकडीवरचा. त्याला सगळे वरचा पाडाच म्हणत. जीप खालच्या नाल्यापर्यंत जायची, पुढे अर्धा तास चढण. पंचवीस-तीस घरं, पावसावरची शेती, उन्हाळ्यात मोहाची फुलं आणि डिंक, बाकी मजुरी. तिथली सायजाअक्का ही बुटकी, बोळकी म्हातारी पाड्याचं अर्धं सरकार होती. बांबूची सुपं विणायची. उरलेलं अर्धं सरकार म्हणजे धुडकूभाऊ. तो बाजाराला जाऊन येणारा, त्यामुळे जगातल्या बातम्या पाड्यावर त्याच्याच तोंडून येत.

अक्काची एक नात होती, सात-आठ वर्षांची सुपडी. खानदेशात ज्या घरात पोरं जगत नाहीत, तिथे नवं मूल जन्मल्याबरोबर सुपात घालतात आणि सुपडू किंवा सुपडी असं नाव ठेवतात, म्हणजे ते टिकतं अशी समजूत. हिच्या आधीची तीन गेली होती. ही अक्काने स्वतः विणलेल्या सुपात ठेवली आणि ही राहिली. पण राहिली म्हणजे नुसती राहिली. त्या वर्षी आम्ही पाहिली तेव्हा तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता, पाय सुजले होते आणि भिंतीची माती खरवडून ती खात बसली होती. डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि परतताना जीपमध्ये सिस्टरांना सांगितलं, "आधी जंत काढा, मग लोहाच्या गोळ्या सुरू करा. हे झालं नाही तर ही पोर पावसाळा काढणार नाही." त्या दिवशी जंताच्या गोळ्या संपलेल्या होत्या. पुढच्या फेरीची सुरुवात वरच्या पाड्यापासून करायची, असं सिस्टरांनी तिथल्या तिथे ठरवलं.

दोन आठवड्यांनी आम्ही डबा घेऊन चढलो. सिस्टर त्या दिवशी हळू चालत होत्या. मला नवल वाटलं. मोहाच्या झाडाखाली माणसं जमली होती, पण उभी राहिली होती लांब लांब. धुडकूभाऊ बाजारातून बातमी घेऊन आला होता, की ही गोळी जंताची नाहीच, बायकांची पोरं बंद करायची आहे.

अशा अफवांना सिस्टर घाबरत नसत. त्या गोळी खाऊन जीभ दाखवत आणि प्रश्न मिटे. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला, गोळी काढली, हातात धरली आणि परत ठेवली. "मला आज ताप आहे," त्या म्हणाल्या. "मी पुढच्या खेपेला खाईन. तुम्ही घ्या."

सायजाअक्का उठली, जवळ आली आणि आपला खरखरीत हात तिने सिस्टरांच्या कपाळावर ठेवला. मग गळ्यावर ठेवला.

"ताप ते नई शे," ती म्हणाली.

"देखा," धुडकूभाऊ म्हणाला. "बाईच खास नई, ते आमी काबर खासूत? अन् बाईले पोर कथं शे? गोळ्या खाई खाईसन तशी व्हयनी ती."

हे तो सगळ्यांसमोर बोलला. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण खरं सांगायचं तर त्याच्या म्हणण्यात त्याच्यापुरता हिशेब बरोबर होता. अकरा वर्षं मूल नसलेली बाई, वर्षाला बावीस गोळ्या खाणारी. पाड्याने दोन्हीचा संबंध जोडला, एवढंच.

बायका पोरांना घेऊन परत निघाल्या. अक्काने सुपडीला उचललं. तिचे सुजलेले पाय अक्काच्या कमरेपाशी लोंबत होते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सिस्टरांचा ताप कसला आहे, ते मला कळलं. मी त्यांना बाजूला घेतलं. माझ्या पिशवीत कॅल्शियमच्या गोळ्या होत्या, तशाच पांढऱ्या, जवळपास तेवढ्याच. मी पुटपुटलो, "ही चावा. कोणाला कळणार आहे?"

मला अजूनही वाटतं, सल्ला वाईट नव्हता. एरवी सर्रास तापाचं खोटं बोलणारी बाई, हेही खोटं सहज रेटेल असं मला वाटलं.

त्या रागावल्या नव्हत्या. "भाऊ, तीन वर्षं मी ह्या लोकांना जीभ दाखवतेय," त्या म्हणाल्या. "त्या जिभेवर आज भलतंच काही ठेवू?"

मग त्या वळल्या आणि अक्काच्या पाठोपाठ गेल्या. तिला हाताला धरून थांबवलं आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यांच्याच बोलीत म्हणाल्या, "माले ताप नई शे, अक्का. माले दिन गयात. दुसरा मइना शे. मनी सासूले बी आजून ठाऊक नई."

परत निघालेल्या बायका जागच्या जागी थांबल्या. धुडकूभाऊ खाली बघायला लागला. ज्या बाईने सगळ्यांची गुपितं झाकली होती, ती आपलं गुपित भर पाड्यात, बाप्यांच्या देखत सांगत होती. ते ऐकून मीच शरमलो. कारण विचाराल तर सांगता येणार नाही.

"अन् असं दिन गयेल व्हयनात ते ही गोळी खातस नई," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हनामा ज्या बायासले मी 'ताप शे' म्हनू, त्यासले इचारा."

पाच-सहा बायकांनी पदर तोंडाला लावला. एक तर चक्क हसली.

अक्काने सुपडीला खाली ठेवलं आणि हात पुढे केला. "आन तुनी गोळी. तुना बदली मी खासू."

तिला दात नव्हते. ती गोळी तिने हिरड्यांनी चघळली, इतका वेळ चघळली की आम्ही सगळे उभे राहून वाट बघत होतो. मग तिने जीभ दाखवली. पांढरा चोथा थोडा उरला होता. सिस्टर म्हणाल्या, "आजून शे." अक्काने तोही गिळला. दुसरी गोळी सुपडीला. त्यानंतर रांग लागली आणि डबा जवळजवळ रिकामा करून आम्ही उतरलो. लोहाच्या गोळ्या सुपडीला रोज कोणी द्यायच्या, हे सिस्टरांनी धुडकूभाऊच्याच गळ्यात मारलं. त्याने मुकाट्याने पुडी घेतली.

उतरताना मी म्हटलं, "अभिनंदन." त्या म्हणाल्या, "आत्ता नको, भाऊ. तीन महिने होऊ द्या." सगळा पाडा ऐकून बसल्यावरही.

पुढच्या तीन पाड्यांवर त्यांना काही सांगावं लागलं नाही. बातमी आमच्या आधी पोहोचलेली असायची. ती शिरपूरलाही पोहोचली, आणि बांगड्या भरणाऱ्या बाईकडून सासूच्या कानावर गेली. जगाला आधी आणि घराला नंतर, म्हणून सासू आठ दिवस बोलली नाही. मग चौथ्या पाड्याच्या आधी सिस्टरांचा रजेचा अर्ज आला. 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' एवढंच लिहिलं होतं. अक्षर मास्तरांचं होतं.

डॉक्टर मला म्हणाले, पहिल्या तीन महिन्यांत असं होतं, पुष्कळदा कारणच सापडत नाही. गोळी तर तिने त्या वेळी खाल्लीच नव्हती. घरी सासू वेगळं म्हणत होती. भरल्या पाड्यात तोंड उघडलं, लागली दृष्ट. सिस्टर काय म्हणत होत्या ते कळलं नाही. तीन आठवड्यांनी त्या कामावर आल्या, खिडकीशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुपडीच्या लाल गोळ्या गेल्या का वर?" मी म्हटलं, गेल्या. तेवढंच. मला खूप वाईट वाटलं होतं, आणि तेवढं एक वाक्य मी तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो.

सहा महिने झाले. पुन्हा वरच्या पाड्याची पाळी आली. इतक्या दूर वर, मधे नाला आणि पावसाळा, तिथे पुढची बातमी पोहोचलीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, ह्या खेपेला दुसरी सिस्टर पाठवतो. त्यांच्या मनात होतं तेच माझ्याही मनात होतं. बिचारीला पुन्हा सगळ्यांसमोर उभं राहायला लागू नये हे एक, आणि पाडा पुन्हा गोळीवरच खापर फोडेल हे दुसरं.

"दुसरी गेली आणि तिने खाल्ली नाही तर?" सिस्टर म्हणाल्या. "मीच जाते."

आम्ही चढलो तेव्हा त्या नेहमीच्या वेगाने चालत होत्या. मी मागे पडलो. वर बायका आधीच वाटेवर येऊन उभ्या होत्या, हसत, लांबून हात करत. आठव्या महिन्यातली बाई बघायला आल्या होत्या त्या. आम्ही जवळ गेलो आणि एकेकीचं हसू थांबलं.

मोहाखाली सायजाअक्का बसली होती. शेजारी सुपडी उभी होती. तिचे पाय सुकडे, सरळ, आणि पायात चपला. अक्काच्या मांडीवर नवं कोरं सूप होतं, कडेला लाल दोरा गुंडाळलेलं. कोणासाठी विणलं, हे विचारायची गरज नव्हती. मला तिथून खाली पळून जावंसं वाटलं.

सिस्टरांनी सूप पाहिलं. मग त्या मधे जाऊन उभ्या राहिल्या, डबा उघडला, एक गोळी काढली, सगळ्यांना दिसेल अशी धरली आणि चावून खाल्ली. जीभ बाहेर काढून दाखवली. काही उरलं नव्हतं.

गोळी खाल्ली, म्हणजे काय, ते त्या पाड्याला त्यांनीच शिकवलं होतं. धुडकूभाऊने तोंड उघडलं तेवढ्यात अक्काने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने ते मिटलं. मग ती गुडघ्यावर हात टेकत उठली, सिस्टरांपुढे आली आणि सूप पुढे धरलं.

"टाक याम्हा गोळ्या. मी फिरावस घरेघर."

सिस्टर पहिल्यांदाच अडखळल्या. "अक्का, हाई सूप..."

"गोळ्यासनं शे," अक्का म्हणाली. "गोळ्यासकरताच इनेल व्हतं."

सिस्टरांनी डबा उपडा केला. गोळ्या सुपात पडल्याचा आवाज पावसासारखा झाला. अक्काने सगळ्यांत आधी सुपडीपुढे सूप धरलं. सुपडीने गोळी उचलली, चावली आणि न सांगता जीभ काढून दाखवली. चांगली लाल होती.

माझी बदली त्याच महिन्यात जळगावला झाली. सिस्टरांना मी त्यानंतर पाहिलं नाही. शेवटचं पाहिलं ते त्या दिवशीच, उतारावरून मागे वळून. अक्का सूप डोक्यावर घेऊन एका घरातून दुसऱ्या घरात जात होती, मागे पोरांची रांग होती, आणि झाडाखाली वराडे सिस्टर खाली मान घालून सुपडीची नखं कापत होत्या. एका हाताची झाली, दुसऱ्या हाताची झाली. तरी त्यांनी तिचा हात सोडला नव्हता.